खोटा प्रेषित कोण? ‘अल्टिमा ६’चा एक प्रकरण अभ्यास

खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही दगडी वेदीवर बांधलेले असता. भोवती शिंगांचे, पंखांचे, लालसर कातडीचे प्राणी. त्यातला एक जाडजूड पुस्तकातून मंत्रासारखं काहीतरी वाचतोय. बळी जाणार हे उघड आहे. तेवढ्यात आयोलो, शमिनो आणि दुप्रे हे तुमचे जुने सोबती येऊन थडकतात, तुम्हाला सोडवतात, झटापटीत ते पुस्तकही उचलतात आणि सगळे मूनगेटमधून (दोन ठिकाणं जोडणाऱ्या जादूच्या दारातून) पळून ब्रिटानियाचा राजा लॉर्ड ब्रिटिश याच्या दरबारात पोचतात. मागोमाग ते शिंगवाले प्राणी, म्हणजे गार्गॉइल, तिघेजण येतात. खेळाची सूत्रं तुमच्या हातात पडतात ती इथे, आणि पहिलं काम म्हणजे त्या तिघांना मारणं.

‘अल्टिमा ६: द फॉल्स प्रॉफेट’ हा संगणकावरचा खेळ अमेरिकेतल्या ओरिजिन सिस्टिम्सने १९९० साली काढला. मालिकेचा जनक रिचर्ड गॅरियट, आणि या भागाच्या निर्मितीत त्याच्या जोडीला वॉरन स्पेक्टर. वंशद्वेष आणि परक्याची भीती हा खेळाचा विषय आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण विषय निवडणं सोपं असतं. ज्या खेळप्रकाराचा सगळा डोलारा ‘राक्षस मार, गुण मिळव’ यावर उभा आहे, त्याच्या आत हा विषय बसवायचा कसा, हे खरं प्रकरण. इथे त्याचे सांधे उघडून पाहिले आहेत. शेवटासकट सगळं सांगितलं आहे, तेव्हा कोरं खेळायचं असेल त्यांनी इथेच थांबावं.

जुनं कर्ज

सहाव्या भागातला पेच १९८५ च्या चौथ्या भागात पेरलेला आहे. ‘अल्टिमा ४’मध्ये शेवटी मारायला खलनायकच नव्हता. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवायचे, ‘अवतार’ व्हायचं, आणि स्टिजियन अ‍ॅबिस या गुहेच्या तळाशी जाऊन अंतिम ज्ञानाचा ग्रंथ, कोडेक्स, गाठायचा. अवतार ही कल्पना आपण हिंदू विचारातून उचलली, असं गॅरियटनेच सांगितलेलं आहे. त्याने उचलला तो या शब्दाचा गंभीर अर्थ. ‘हा काय अवतार करून आलायस?’ मधला अर्थ त्याच्या कानावर गेला नसणार, पण गार्गॉइलांच्या बाजूने पाहिलं तर तोच जास्त लागू पडतो.

१९८८ च्या पाचव्या भागात याच सद्गुणांचा कायदा होतो. लॉर्ड ब्रिटिश बेपत्ता असताना ब्लॅकथॉर्न राज्य करतो आणि खोटं बोलणाऱ्याची जीभ जाईल असले फतवे काढतो. म्हणजे चौथ्या भागाने आदर्श दिला आणि पाचव्याने तोच आदर्श सक्तीचा झाला की काय होतं ते दाखवलं. सहावा भाग आणखी खाली खणतो: तो आदर्श गाठताना तुम्ही कुणाचं काय नेलंत?

कोडेक्स गार्गॉइलांचा होता. त्यांचा सगळ्यात पवित्र ग्रंथ. तो वर आणला गेला आणि पुढे खालचं जग कोसळलं. त्यांची माणसं (हाच शब्द योग्य आहे) मेली, आणि उरलेली भूमी आजही कडेकडेने ढासळते आहे. ब्रिटानिया हे सपाट जग, आणि गार्गॉइल राहतात ते त्याच्या उलट्या अंगाला. खेळाडूने १९८५ साली रात्री जागवून मिळवलेला विजय हाच १९९० मधला गुन्हा आहे. दुसऱ्याच्या पापाची गोष्ट सांगून जे साधलं नसतं ते इथे साधतं, कारण तो कोडेक्स तुमच्याच हाताने आलेला असतो. मालिकेत नव्याने आलेल्याला मात्र हा फटका अर्धाच बसतो. त्याच्यासाठी चौथ्या भागाची तोंडओळख करून घेणं फायद्याचं.

पहिला टप्पा: खेळाडूला युद्धात गुंतवणं

लॉर्ड ब्रिटिश सांगतो की सद्गुणांची आठही देवस्थानं गार्गॉइलांनी बळकावली आहेत, ती सोडवा. कोव्ह गावात जखमी सैनिक आहेत, जवळच करुणेचं देवस्थान आहे. तिथून सुरुवात करणं रास्तच वाटतं.

एका देवस्थानाची पद्धत अशी: वेदीवरचा मूनस्टोन (जादूचा खडा) शक्तिकवचात अडकलेला असतो. ते कवच फोडायला त्या सद्गुणाचा रून (खूण कोरलेला दगड) हवा आणि मंत्र हवा. करुणेचा मंत्र ‘मु’, प्रामाणिकपणाचा ‘आम’, शौर्याचा ‘रा’, अध्यात्माचा ‘ओम’. पहारेकरी मारायचे, रून वापरायचा, मंत्र टाइप करायचा, मूनस्टोन उचलायचा. असे आठ.

रून आठ गावांत विखुरलेले आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ट्रिन्सिकमधला प्रतिष्ठेचा रून उघड्यावर चौथऱ्यावर असतो. जेलोममधला शौर्याचा रून खानावळीच्या भिंतीतल्या उंदराच्या बिळात गेलेला असतो. तिथे तलवार काय कामाची? त्यासाठी किल्ल्यातली शेरी नावाची बोलकी उंदरीण चीजच्या तुकड्यावर राजी करून सोबत आणायची आणि तिला बिळात सोडायची. शौर्याची किल्ली उंदराच्या पावलांनी मिळते, हा विनोद जाणूनबुजून केलेला आहे. मिनॉकमध्ये त्यागाच्या रूनसाठी बासऱ्यांचा जोड मिळवून धून वाजवून दाखवावी लागते. ही गावं, त्यातली माणसं, त्यांची दुकानं उघडण्या-मिटण्याच्या वेळा, यातच पहिले कितीतरी तास जातात. तेवढ्या वेळात गार्गॉइल या शब्दाचा तुमच्यापुरता एकच अर्थ पक्का होतो: वाटेत उभा असलेला शत्रू.

हा टप्पा लांबट आहे, आणि असायलाच हवा होता. सवय मोडायची तर आधी ती जडली पाहिजे. यंत्रणाही तीच सवय लावते. गार्गॉइल मारले की अनुभवगुण मिळतात, पण पुढची पातळी मिळते ती मुक्त केलेल्या देवस्थानात ध्यान केल्यावरच. म्हणजे खेळाडूची वाढच त्या चढाईला बांधलेली आहे. कथा नंतर काहीही म्हणो, बोटांना बक्षीस मिळतं ते मारण्याचं.

थैलीतलं पुस्तक

वेदीजवळून उचललेलं पुस्तक पहिल्या मिनिटापासून तुमच्याकडे असतं. पण लिपी लागत नाही. मूनग्लो गावच्या लायसियम या ज्ञानपीठात मरायाह नावाची विदुषी आहे, ती वाचू शकेल. तिच्याकडे चांदीच्या एका पाटीचा अर्धा तुकडा आहे. दुसरा अर्धा मिळाला तर मजकूर ताडून पाहता येईल. तो दुसरा अर्धा समुद्री चाच्यांच्या पुरलेल्या खजिन्यात आहे, खजिन्याचा नकाशा कॅप्टन हॉकिन्सच्या खलाशांनी नऊ तुकडे करून वाटून घेतलेला, आणि ते खलाशी आता कुणी आचारी, कुणी गुत्त्यावर पडीक.

गंमत म्हणजे या शोधात गार्गॉइल जवळजवळ कुठेच नाहीत. निव्वळ खजिन्याची शोधमोहीम. अनेकजण हे जोडकथानक समजून मागे टाकतात आणि तिथेच चुकतात. मूनस्टोनच्या मागे लागून आठही देवस्थानं आधी साफ करायची आणि पुस्तक शेवटी वाचायचं, असा क्रम लावला तर सगळा आघात उलट्या वेळी येतो. चार-पाच देवस्थानं झाली की मरायाहकडे पाटी पोचती करावी, हा क्रम चांगला. हात रक्ताने भरलेले असतात आणि काम अर्धं बाकी असतं, त्यामुळे पुढचं प्रत्येक देवस्थान जड जातं.

पुस्तकात नॅक्साटिलॉर या द्रष्ट्याची भविष्यवाणी आहे. एक खोटा प्रेषित येईल. पहिल्यांदा तो आपल्या पवित्र स्थानी शिरून सर्वांत पवित्र वस्तू चोरेल. दुसऱ्यांदा तो पृथ्वीच्या पोटात खोल उतरेल आणि मोठी पडझड होईल, पुष्कळजण मरतील. तिसऱ्यांदा योद्ध्यांसह येऊन उरलेल्या सगळ्यांचा नाश करेल. टाळायचं असेल तर त्याचा बळी द्यावा.

पहिल्या दोन गोष्टी चौथ्या आणि पाचव्या भागात होऊन गेल्या आहेत. तिसरी तुम्ही गेले कित्येक तास करत आहात. वेदीवरचं ते दृश्य रानटीपणाचं नव्हतं, ती एका जमातीची वाचण्याची धडपड होती. खोक्यावरच्या चित्रात अवताराच्या पायाशी पडलेला गार्गॉइल आहे. खेळ घेताना तो राक्षस दिसतो. पुस्तक वाचल्यावर चित्र तेच राहतं.

भाषा: कुलूप आणि किल्ली

प्रकरणाचा सगळ्यात भरीव भाग हा. पुस्तक वाचलं म्हणून गार्गॉइलांशी बोलता येत नाही. हिथ्लॉथ या गुहेतून खोल खोल उतरत गेलं की तळाकडे कॅप्टन जॉन भेटतो. पाचव्या भागात भूमिगत जगात अडकलेला, डोकं फिरून आपल्याच तीन खलाशांना मारणारा आणि त्यातून शॅडोलॉर्ड नावाचं संकट उभं करणारा तो हाच. आता तो गार्गॉइलांच्या शेजारी राहतो, त्यांची भाषा जाणतो आणि तुम्हाला शिकवतो. मध्यस्थ म्हणून लेखकांनी साधुपुरुष आणला नाही. मालिकेतल्या सर्वांत वाईट गुन्ह्याचा धनी आणला, आणि ते अचूक आहे. ‘आम्ही शहाणे’ हा आव त्याला आणताच येत नाही.

ही गार्गिश भाषा ओरिजिनमधल्या हर्मन मिलरने रचली. तिची रूपं खेळात अशी येतात की गार्गॉइल क्रियापदं सरळ धातुरूपात बोलतात: ‘तुला भेटून आनंद होणे’, ‘तू कोण असणे?’ आपल्या कानाला सुरुवातीला हे तोतरं वाटतं. थोडा वेळ गेला की वाटतं, काळ आणि पुरुष यांना फाटा देऊन बोलणारा समाज वेगळाच विचार करत असणार. शिवाय ‘लोर’ म्हणजे उजेड, ‘मानी’ म्हणजे जीव, ‘पोर’ म्हणजे हलणं, ‘ॲन’ म्हणजे नकार हे शब्द खेळाडूला आधीच पाठ असतात. पाचव्या भागापासून ब्रिटानियाचे जादूगार याच अक्षरांनी मंत्र टाकत आले आहेत. ज्यांना राक्षस म्हणायचो, त्यांचीच बोली आपल्या जादूत होती.

इथे एक पळवाट आहे, आणि तिच्यात पडलेले पुष्कळ. तुमच्याकडचा ऑर्ब ऑफ द मून्स हा जादूचा गोळा वापरला की लाल मूनगेट उघडतं. तुमच्याभोवतीच्या पाच बाय पाच चौकटींपैकी तो कुठल्या चौकटीत टाकला त्यावर ठिकाण ठरतं. काही चौकटी थेट गार्गॉइलांच्या मुलखात नेतात. हौसेने प्रयोग करणारा तिथे कॅप्टन जॉनला न भेटताच पोचतो. समोरचे काय बोलतात ते कळत नाही, ते अंगावर येतात, हा तलवार काढतो. तांत्रिकदृष्ट्या खेळात काही बिघडत नाही. पण अनोळखी भाषेतला आवाज धमकी म्हणूनच ऐकू येतो याचं इतकं नेमकं प्रात्यक्षिक लेखकांनी ठरवूनही बसवलं नसतं. असं झालं तर मागे फिरावं आणि हिथ्लॉथमधून चालत यावं.

गळ्यातला ताईत

वाटेत बे लेम नावाचा कोवळा गार्गॉइल भेटतो. तो तुमच्या टोळीत सामीलही होतो. त्याचा सल्ला एकच: राजा ड्रॅक्सिनुसोमकडे जा आणि शरण जा. राजा शरणागती स्वीकारतो आणि एक ताईत देतो. सामानाच्या पडद्यावर गळ्याची जागा एकच. तिथे दुसरं काही असेल तर ते उतरवून हा ताईत घालावा लागतो. थैलीत ठेवून चालत नाही. गळ्यात असेल तरच गार्गॉइल हल्ला करायचे थांबतात.

लांबलचक भाषणापेक्षा ही एक हालचाल जास्त बोलते. आठ सद्गुणांचा मानकरी, ब्रिटानियाचा तारणहार, दुसऱ्याच्या राजाचा प्रजाजन म्हणून खूण बांधून हिंडतो. त्यानंतर शहर खरोखर उघडतं. मालिकेत पहिल्यांदाच सगळं जग एकाच मापात रेखाटलेलं आहे, म्हणून त्यांची घरं, बाजार, ज्ञानमंदिर तुमच्या गावांइतकंच मोठं दिसतं. आणि बोलायला लागलं की चौकटीत समोरच्याचा चेहरा येतो. इतके दिवस नुसता सरकता ठिपका होता.

आतली रचना अधिक चकित करणारी. मानवांची तत्त्वं तीन: सत्य, प्रेम, धैर्य. त्यांच्या मिश्रणातून आठ सद्गुण. गार्गॉइलांची तत्त्वंही तीन: संयम, आवेग, चिकाटी. त्यांच्याकडेही सद्गुण आठ, आणि सगळ्यांचा मेळ म्हणजे एकत्व. चौथ्या भागात कोडेक्सच्या दारात ‘वेर’, ‘अमो’, ‘कोर’ जोडून ‘वेरामोकोर’ टाइप करावं लागायचं. इथे तीन वेदींवरचे ‘अन’, ‘ऑर’, ‘अस’ जोडून एकत्वाच्या देवस्थानात ‘अनोरस’ म्हणावं लागतं. आकडेमोड तीच, शब्द वेगळे. त्या तीन स्थानी मूर्ती कोणाच्या? माँडेन, मिनॅक्स आणि एक्सोडस. पहिल्या तीन भागांत तुम्ही मारलेले तिघे खलनायक.

एकत्वाच्या देवस्थानातून जी पवित्र कामगिरी मिळते, तिच्याच जोरावर कोडेक्सच्या बेटावरचे रक्षक तुम्हाला आत सोडतात. कोडेक्स आणणाऱ्याला कोडेक्सपाशी जायची परवानगी, ज्यांचा तो नेला त्यांच्याकडून.

तोडगा

तडजोडीचं गणित सरळ आहे. ग्रंथ एक, हक्कदार दोन. परत केला तर ब्रिटानियाचं नुकसान, ठेवला तर गार्गॉइलांचा अंत. तेव्हा तो कुणाकडेच ठेवायचा नाही. लागणारं सामान: आठही मूनस्टोन आत ठेवलेला व्होर्टेक्स क्यूब हा जादूचा ठोकळा, मानवांचं बहिर्गोल भिंग आणि गार्गॉइलांचं अंतर्गोल भिंग. कोडेक्सच्या एका बाजूला अनंताची ज्योत, दुसऱ्या बाजूला एकत्वाची. बहिर्गोल भिंग पहिल्या ज्योतीच्या आणि कोडेक्सच्या मधोमध, अंतर्गोल दुसरीच्या. मग क्यूब वापरायचा. आठातला एक जरी मूनस्टोन कुठल्या पेटाऱ्यात विसरला असेल तर परत फेरी, तेव्हा ते सगळे एकाच सोबत्याकडे देऊन ठेवावेत. कोडेक्स शून्यात जातो. लॉर्ड ब्रिटिश आणि ड्रॅक्सिनुसोम दोघेही येतात, आणि ज्याच्या त्याच्या भिंगातून दोघांनाही तोच ग्रंथ वाचता येतो.

भविष्यवाणीतला बळी असा फिटतो असं आमचं वाचन आहे: अवताराचा जीव जात नाही, त्याची कमाई जाते.

जिथे फसलं

दोन गोष्टी खटकतात. पहिली बक्षिसांची. पुस्तक वाचल्यावरही उरलेल्या मूनस्टोनसाठी देवस्थानावरच्या गार्गॉइलांशी गाठ पडतेच, आणि गुण तसेच मिळत राहतात. मन बदललेल्या खेळाडूला यंत्रणा नवीन वाट फारशी देत नाही. अदृश्य होऊन वा पळत निसटावं, एवढंच.

दुसरी अधिक खोल. गार्गॉइलांत पंखवाले आणि बिनपंखी असे दोन वर्ग आहेत. पंखवाले विद्वान, पुरोहित, राज्यकर्ते. बिनपंखी अंगमेहनतीला, आणि खेळ त्यांना बुद्धी आणि वाचाच देत नाही. जन्माने काम ठरलेला हा समाज खेळ जसाच्या तसा मान्य करतो आणि त्याला निसर्ग म्हणतो. मराठी वाचकाला इथे ठेच लागल्याशिवाय राहत नाही. दोन जमातींमधली भिंत पाडणाऱ्या कथेला एका जमातीच्या आतली भिंत दिसलीच नाही.

आज खेळायचा तर चार ते सहा हे तीन भाग एकत्र विकत मिळतात. मूळ आवृत्ती डॉसबॉक्स या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालते, आणि हा खेळ चालवणारं नूवी हे इंजिन आता स्कमव्हीएम या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्येच आहे, ते वापरणं सोयीचं. संभाषणातले महत्त्वाचे शब्द वेगळ्या रंगात दिसतात, पण टाइप तुम्हीच करायचे. कागद-पेन्सिल लागतेच.

दोनशे वर्षांनी

सातवा भाग १९९२ चा, कथेत दोन शतकं उलटलेली. तह टिकलेला आहे. गार्गॉइल टर्फिन बेटावर वसवलेले आहेत, म्हणजे नीट पाहिलं तर वेगळे काढलेले. वेस्परमध्ये ब्लॉर्न हा माणूस सांगतो की लॅप-लेम या गार्गॉइलने आपल्याला मारहाण केली. लॅप-लेमकडे गेल्यावर दुसरी बाजू कळते. आणि खेळ उघडतो तो ट्रिन्सिकच्या तबेल्यात, लोहार ख्रिस्तोफरच्या भयानक खुनाने. मेयर फिनिगन तपास तुमच्यावर सोपवतो. त्याच तबेल्यात इनामो नावाच्या गार्गॉइलचंही प्रेत असतं. गावात फिरून विचारपूस केली की लोक ख्रिस्तोफरबद्दल बोलतात.